धान्यकर्ज कोणी सुचवले

लिहून ठेवणार : लुडोल्फ रेमर्स, वय वर्षे ७८, निवृत्त; पूर्वी ब्रुखरोडे नगरपालिकेचा कोषाध्यक्ष व त्यानंतर महापौर; राहणार कालव्याकाठचा रस्ता, घर क्रमांक ९, ब्रुखरोडे.

माझे गुडघे गेले आहेत आणि डावा कान गेला आहे, पण डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी गेल्या मंगळवारी तपासून तसे लेखी दिले असून तो दाखला या कागदाला टाचला आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट लिहू नका म्हणून सांगणारे चार जण येऊन गेले, त्यांतली एक माझी मुलगी आहे.

मृत्युपत्र सबंध स्वतःच्या हाताने लिहिलेले असले की आमच्या कायद्याला पुरते. साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोघांना बोलावले आहे. माझ्या हातचा कागद या गावात गहाळ होऊ शकतो, हा माझा अनुभव आहे. हा कागद मात्र वारसा न्यायालयाला उघडावा लागेल आणि वाचावाही लागेल. तीनदा लिहूनही जे कोणी वाचून घेतले नाही, ते म्हणून इथे लिहितो.

कलम पहिले. माझी बँकेतील सर्व ठेव, आयुर्विम्याची रक्कम आणि हेडविगचा, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचा, पियानो माझी एकुलती एक मुलगी इर्मट्राउड हिला द्यावा. कायद्याने तिला जेवढा सक्तीचा हिस्सा मिळाला असता त्यापेक्षा ही रक्कम जास्त भरते. मी आकडेमोड दोनदा केली आहे. जावयाने ती तिसऱ्यांदा करू नये.

कलम दुसरे. माझे कपडे, कोळशाची शेगडी, छत्र्या आणि स्वयंपाकघरातील सर्व भांडी शेजारीण ओटिलिए हार्म्स यांना द्यावीत. त्यांनी अकरा वर्षे माझ्यासाठी वाटाण्याचे सूप केले आणि एकदाही त्यात मीठ बरोबर पडले नाही. पण एकही दिवस चुकवला नाही.

कायद्याची पुस्तके जाळली तरी चालतील. पालिकेच्या कायद्यावर मी पेन्सिलीने केलेल्या टिपा मात्र वकील हेनिंग श्टोएव्हर यांना द्याव्यात. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. ते सावकाश बोलतात, पण बोललेले विसरत नाहीत.

बिअरवाले नगरसेवक व्युबे आता हयात नाहीत. पाण्याच्या प्रकल्पाला त्यांनी अकरा बैठकांत विरोध केला. "ज्याला पोटाची काळजी आहे त्याने बिअर प्यावी," असे ते भर सभेत म्हणाले आणि सभा हसली. त्यांच्या वारसांना माझ्या मिळकतीतून एक बाटली नळाचे पाणी द्यावे. बूच घट्ट बसवावे.

कलम तिसरे. आता घर. घर क्रमांक ९ आणि मागची बाग कालव्याच्या पाण्यापर्यंत पोचते. पालिकेला नवा पूल याच बागेतून न्यायचा आहे, दुसरीकडून तो जाऊच शकत नाही. मला हे पक्के ठाऊक आहे, कारण पुलाची ती आखणी १९३० साली मीच करवून घेतली होती. घर कोणाला द्यायचे ते पुढे सांगतो. का, ते आधी सांगतो, कारण नुसता निर्णय वाचून लोक म्हणतील की म्हातारा चळला.

माझा जन्म कालव्याच्या पाणदारावरच्या खोल्यांत झाला. वडील पाणदार, म्हणजे कालव्याचे पाणी अडवणारा दरवाजा, उघडायचे नि लावायचे. सोळाव्या वर्षी मी टाउनहॉलमध्ये नकलनवीस लागलो, रात्रशाळेत शिकलो, आणि १९१९ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी कोषाध्यक्ष झालो. तीन वर्षांनी, १९२२ च्या उन्हाळ्यात, पाणदाराच्या वस्तीत विषमज्वराची साथ आली. एकेचाळीस माणसे गेली, त्यांत अकरा मुले होती. सगळी वस्ती कालव्याचे पाणी पीत होती. गाळण्याच्या हौदांचे काम गावाबाहेर अर्धे होऊन पडले होते आणि पुढच्या कामाला पैसा नव्हता. १९२३ मध्ये तर सकाळी ठरवलेला भाव संध्याकाळी हसण्यावारी जात असे. पालिकेला कोणीही एक फुटका मार्क उसना देईना.

माझ्या हाताखाली हिशेब विभागाचे प्रमुख मोरित्झ ब्लूमेनाउ होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, बुटके, नेहमी बाहीला शाई लागलेली. एका दुपारी ते आपला डबा घेऊन माझ्या खोलीत आले. खुर्चीवर बसण्याची त्यांची पद्धत नव्हती, उभ्यानेच बोलायचे.

"साहेब, मार्कवर कुणाचा विश्वास उरला नाही."

"हे सांगायला आलात?"

"पण यावर आहे." त्यांनी डब्यातला काळ्या पावाचा तुकडा वर धरला. राय या धान्याचा पाव, आमच्याकडे घरोघरी तोच खातात. "कर्ज पैशांत घेऊच नका. पोत्यांत घ्या. शेतकऱ्यानं आज एका पोत्याच्या किमतीएवढं द्यायचं, आपण पाच वर्षांनी एका पोत्याच्या तेव्हाच्या किमतीएवढं फेडायचं, वर व्याज. मार्क मेला तरी पोतं मरत नाही."

मी म्हणालो, "लोक हसतील."

"हसू देत. हसता हसता सही करतील."

त्यांनी कोष्टक आधीच करून आणले होते. चौदा पाने. मी त्यात एक स्वल्पविराम बदलला.

पुढच्या गुरुवारी सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी असे सुचवतो." 'मी', असे म्हणालो. बाकावर टाळ्या पडल्या, व्युबेसुद्धा गप्प झाला. ब्लूमेनाउ दाराजवळच्या टेबलावर कागद गोळा करत होते. बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "पुढच्या बैठकीत तुमचं नाव सांगतो."

"राहू द्या साहेब. आधी पाणी येऊ द्या."

१९२५ मध्ये पाणी आले. पाणदाराच्या वस्तीत विषमज्वर पुन्हा शिरला नाही. पाणीघराच्या दारावर दगडात माझे नाव कोरले गेले आणि दोन वर्षांनी त्याच नावावर मी महापौर झालो. ती पुढची बैठक कधीच आली नाही. कामे फार होती, असे मी स्वतःला सांगत असे. आणि कामे खरोखरच फार होती. माणसाला खोटे बोलायला खरे कारण मिळाले की त्याची फार सोय होते.

एप्रिल १९३३ मध्ये नवा कायदा आला आणि ज्यू नोकरांना काढण्याचे आदेश माझ्या टेबलावर आले. पालिकेत असे तिघे होते. ब्लूमेनाउंच्या आदेशावर मी सही केली आणि त्यांना म्हणालो, "उन्हाळ्यापर्यंत हे वारं ओसरेल." ते म्हणाले, "मग तारीख पेन्सिलीनं घालायची होती, साहेब." ते हसले नाहीत. कपाटाच्या किल्ल्या त्यांनी एकेक करून माझ्यासमोर मांडल्या आणि कोणती कशाची ते सांगितले.

त्याच नोव्हेंबरात मलाही काढले. गावात याची एक गोष्ट सांगतात, ती अशी की महापौर रेमर्स नाझींसमोर ताठ उभा राहिला. शाळेच्या मुलांना ती शिकवतातही. झाले ते असे. त्यांच्या मिरवणुकीचा बँड आणि झेंडे यांचे बिल मुलांच्या दुधाच्या निधीतून द्या, म्हणून मागणी आली. मी ते बिल परत पाठवले, कारण त्यावर सभेच्या मंजुरीचा क्रमांक नव्हता. क्रमांक असता तर दिले असते. कोणासमोर ताठ उभे राहण्याचा विचारही मनात नव्हता. आयुष्यभर ज्या बिलावर क्रमांक नसे ते मी परत पाठवत आलो, तसेच हेही पाठवले. त्यांनी मला कमी निवृत्तिवेतनावर घरी बसवले आणि पुढे हे घरी बसणेच माझे शौर्य ठरले.

कलम चौथे. फेब्रुवारी १९३८. या कलमात कोणालाही काही द्यायचे नाही, तरी ते गाळू नये.

ब्लूमेनाउ माझ्या घरी आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्यांना स्वीडनमध्ये, गॉथेनबर्गच्या एका बँकेत जागा मिळण्याची शक्यता होती. नगरपालिकांसाठी कर्जाच्या योजना आखलेला माणूस त्यांना हवा होता.

"साहेब, दाखला हवा. मोठा नको. धान्यकर्जाचं एक वाक्य असलं की पुरे."

"बसा तरी." ते उभेच राहिले.

मी लिहिले : 'धान्यकर्जाची योजना तयार करण्याच्या कामी श्री. ब्लूमेनाउ यांनी साहाय्य केले.' खाली 'कर्तव्यदक्ष', 'विश्वासू' वगैरे पुष्कळ लिहिले. त्यांनी वाचले, एका ओळीवर थांबले, पुन्हा वाचले.

"साहाय्य केलं," ते म्हणाले.

"हो. म्हणजे... एकूण योजना पालिकेचीच ना?"

"पालिकेचीच." त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली. "हेडविगबाईंना नमस्कार सांगा."

ती जागा त्यांना मिळाली नाही. ती या दोन शब्दांमुळे गेली की बँकेला दुसरा माणूस आवडला, मला माहीत नाही, आणि आता माहीत होण्याचा मार्गही नाही. १९४२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या पत्नीला आगगाडीने पूर्वेकडे नेले. दोघेही परतले नाहीत. मुलगी थेआ त्याआधी इंग्लंडला पोचली होती, ती वाचली.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मला पुन्हा महापौरपदावर बसवले. तीन वर्षे मी विटा, बटाटे आणि खिडक्यांच्या काचा वाटल्या. ते काम मी चांगले केले, तेवढे म्हणण्याचा मला हक्क आहे. त्या तीन वर्षांत शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. एक दाखला लिहून त्यावर उठवायला एक मिनिट पुरले असते. मी तो लिहिला नाही. कुणी मागितला नव्हता, असे मी म्हणत असे.

मागणारी १९५५ मध्ये आली. थेआ ब्लूमेनाउ लीड्सच्या शाळेत गणित शिकवते. वडिलांच्या घराच्या नुकसानभरपाईच्या कागदांवर सही करायला ती गावात आली होती, तेव्हा माझ्याकडे आली. मी कॉफी केली, आलुबुखाऱ्याचा केक आणवला. तिने केकला हात लावला नाही. पर्समधून ती चौपदरी घडी काढून टेबलावर ठेवली. बँकेने कागद परत पाठवले होते, ते ती इंग्लंडला सोबत घेऊन गेली होती.

"मी एकच विचारायला आलेय. हे दोन शब्द का लिहिलेत?"

मी म्हणालो, "काळ तसा होता. भीती वाटली."

"कुणाची? कागद तर स्वीडनला जायचा होता."

सतरा वर्षे मी भीतीचे कारण जवळ बाळगून होतो आणि तिने ते एका वाक्यात काढून घेतले. मग मी खरे ते सांगितले. म्हणालो, "योजना माझी होती असं मलाच वाटायला लागलं होतं. ते सोडवेना."

तिने ती घडी पुन्हा पर्समध्ये ठेवली. मी घाईघाईने म्हणालो की हे घर मी तुझ्या नावे करतो. तेव्हा मात्र ती चिडली.

"घर नको मला. तुमच्या गावात मी काय करू? पालिकेच्या कागदावर, पालिकेच्या शिक्क्यासकट, ते वाक्य नीट लिहून द्या. बाबांनी तेवढंच मागितलं होतं."

मी वचन दिले. मला वाटले आठवड्याचे काम आहे. जवळजवळ चाळीस वर्षे ज्या इमारतीत काढली, तिथून एक ओळ लिहून आणायची होती.

पहिल्या पत्राला उत्तर आले, 'आभारपूर्वक नोंद घेतली.' नोंद कोठे घेतली ते शोधायला मी स्वतः गेलो; कोठेही नव्हती. दुसरे पत्र गहाळ झाले. मी पोच घेतली होती, ती दाखवली, तर पोचदेखील तपासणीसाठी ठेवून घेतली आणि तीही गहाळ झाली. तिसऱ्या पत्राचे उत्तर म्हणून फळांची टोपली आली.

मग महापौर एगॉन श्टापेलफेल्ड स्वतः घरी आले. माणूस वाईट नाही. पुढच्या वर्षी गावाला सातशे वर्षे होतात आणि त्या सोहळ्यात त्यांना पाणीघराला माझे नाव द्यायचे आहे.

"हा तुमचा मोठेपणा आहे, साहेब," ते म्हणाले. "पण आता जुनं कशाला उकरायचं? लोकांना जरा आनंद होऊ द्या."

"आणि ब्लूमेनाउ?"

"त्या नेलेल्या सगळ्यांसाठी मिळून एक दगड बसवतोय की आम्ही."

"त्यावर धान्यकर्जाचं लिहाल?"

"दगडावर एवढी जागा कुठे असते हो?"

"पाणीघराच्या दगडावर माझ्यापुरती होती."

ते उठले. दारात म्हणाले, "पालिकेचा कागद आणि शिक्का पदावरच्या माणसालाच वापरता येतो. हा नियम तुमच्याच काळातला आहे." खरे आहे. तो नियम मीच केला.

कलम पाचवे. म्हणून घर क्रमांक ९ आणि संपूर्ण बाग मी ब्रुखरोडे नगरपालिकेला विनामूल्य देतो. मात्र माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत तीन गोष्टी पूर्ण व्हाव्यात. एक, या मृत्युपत्राचे तिसरे व चौथे कलम खुल्या सभेत मोठ्याने वाचून इतिवृत्तात शब्दशः नोंदवावे. दोन, पाणीघराला माझे नाव देऊ नये, दारावरचे आहे ते काढावे, आणि तिथे मोरित्झ ब्लूमेनाउ यांचे नाव व त्यांनी काय केले ते कोरावे. तीन, पुढे दिलेला दाखला पालिकेच्या कागदावर, शिक्क्यासकट, कु. थेआ ब्लूमेनाउ यांना रजिस्टर टपालाने पाठवावा :

'१९२३ सालचे धान्यकर्ज ही मोरित्झ ब्लूमेनाउ यांची कल्पना होती. योजना त्यांनी एकट्याने आखली. कोषाध्यक्ष रेमर्स यांनी ती सभेपुढे वाचण्याच्या कामी साहाय्य केले.'

यांतले एक जरी राहिले, तर घर आणि बाग टपाली कबुतरे पाळणाऱ्यांच्या मंडळाला जावी, आणि मंडळाने तीस वर्षे बाग न विकता तिथे खुराडी ठेवावीत. जमीन सक्तीने घ्यायला पालिकेला किती वर्षे लागतात ते मला ठाऊक आहे, मी अशा चौदा जमिनी घेतल्या आहेत. मंडळाच्या अध्यक्षांना मी भेटलो. ते म्हणाले, "आमची कबुतरं पुलाला घाबरत नाहीत, साहेब, पण आम्हाला वकिलाचा खर्च परवडायचा नाही." त्यासाठी वेगळी रक्कम श्टोएव्हर यांच्याकडे ठेवली आहे.

इर्मट्राउडने हे ऐकल्यावर ती रडली. म्हणाली, "बाबा, चूक तुमची आणि दंड मला? मी या बागेत वाढले." तिचे म्हणणे बरोबर आहे. तरीही मी कलम बदलत नाही. पुरती बरोबर अशी वाटणी मला जमली नाही. तिने माझ्यावर रागवावे, पण कोर्टात जाऊ नये. वकील खातील आणि ब्लूमेनाउ पुन्हा राहून जातील.

कलम सहावे. अंत्यविधीला बँड नको, महापौरांचे भाषण नको. हेडविगशेजारी पुरावे. पाळकांना बोलावे लागेलच, त्यांनी हवामानावर बोलावे.

पुरवणी. वरील मजकूर आज दुपारी मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. ओटिलिए हार्म्स यांची ओळख वर आलीच आहे. दुसरे साक्षीदार गुस्टाफ क्नीप, वय ७१, पाणीघराचे निवृत्त पंपचालक. चौथे कलम संपल्यावर मी थांबलो. आता हे दोघे काय म्हणतील याची मला धास्ती वाटत होती. क्नीपने पाइप झटकला.

"साहेब, यात नवीन काय आहे?"

"म्हणजे?"

"पंपावर आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पहिला पंप चालू झाला ना, त्या दिवशी पुढच्या दारात तुमची भाषणं चालली होती. ब्लूमेनाउसाहेब मागच्या दारानं आले, माझ्या हातचं पाणी प्याले, नि म्हणाले, 'क्नीप, पोत्यांचं पाणी झालं बघ.' आम्ही त्यांनाच मानायचो."

मी हार्म्सबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "आमच्या गल्लीतही बोलायचे. पण दगडावर तुमचं नाव. कोरलेल्याच्या विरुद्ध कोण बोलणार?"

मी काठी आपटली. ओरडलोच. "चौतीस वर्षं! आणि एकानंही तोंड उघडलं नाही?"

क्नीप शांतपणे म्हणाला, "तुम्ही विचारलंत कधी?"

जे ओझे एकट्याचे समजून मी छातीशी धरून बसलो होतो, त्यावर पंपघरात कॉफीच्या सुट्टीत गप्पा चालत होत्या. राग कोणावर काढायचा तेच कळेनासे झाले. शेवटी मी म्हणालो, "मग हे सहीखाली लिहा. दोघांनीही."

"माझा पोरगा पालिकेत मीटर वाचतो, साहेब."

"ठाऊक आहे. त्याच्या अर्जावर मीच शेरा मारला होता."

"म्हणूनच म्हणतो."

त्याने पेन हातात घेतले, खाली ठेवले, चष्मा पुसला. हार्म्सबाई म्हणाल्या, "गुस्टाफ, लिही आता. सूप निवतंय." त्याने पुन्हा पेन घेतले. मी मान फिरवून बागेकडे बघत बसलो, म्हणजे माझ्या भिडेने लिहिले असे कोणी म्हणू नये.

सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, खाडाखोड नाही.

ठिकाण : ब्रुखरोडे
दिनांक : १४ ऑक्टोबर १९५९

(सही) लुडोल्फ रेमर्स

साक्षीदार, प्रत्येकी स्वहस्ते :

मला माहीत होते. तेव्हा बोललो नाही.
(सही) गुस्टाफ क्नीप

मलाही.
(सही) ओटिलिए हार्म्स